ओली चिंधी

या सदरात दर दिवाळीला मी घरातल्या एखाद्या बिघडलेल्या वस्तूची कहाणी सांगतो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. मागल्या खेपेला वातीचा स्टोव्ह झाला, त्याआधी शिवणयंत्र झाले. एका वाचक भगिनीने पत्र पाठवून विचारले आहे की, तुमच्या घरात एकही वस्तू धड नाही काय? बाई, आहेत, पण धड वस्तूबद्दल लिहिण्यासारखे असते काय? तेव्हा यंदा पाळी मोटारीची.

मोटार आमच्या बाबांची. फियाट. अर्ज भरून आणि पैसे गुंतवून त्यांनी सहा वर्षे वाट पाहिली, तेव्हा कुठे १९६८ साली ती दारात उभी राहिली. त्या काळी मोटारीसाठी अशी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, हे आजच्या मुलांना सांगितले तर ती आपल्याकडे दयेने पाहतात. पहिल्या दिवशी आईने तिला हळदकुंकू वाहिले आणि बाबांनी आम्हां दोघां भावंडांना बॉनेट उघडून आतली एकेक वस्तू दाखवली. मी कंटाळून पळून गेलो. ताई मात्र शेवटपर्यंत उभी राहिली. पुढे लग्न होऊन ती गेवराईला गेली आणि १९९१ मध्ये बाबा गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. त्यात कुणी कुणाला काही विचारले नाही. मुलाकडे गाडी, एवढे गृहीतच होते.

गाडी माझ्याकडे आली आणि दोन वर्षांत तिला एक चमत्कारिक रोग जडला. सकाळी किल्ली फिरवताच सुरू होई. शहरात दूध, भाजी, शाळा, कचेरी सारे बिनतक्रार. पण लांब प्रवासाला निघालो, तासभर झाला, की एकाएकी प्राण सोडी. अर्धा तास झाडाखाली बसावे, चहा प्यावा, पुन्हा किल्ली फिरवावी, की जणू काही झालेच नाही! एकदा बंद पडली की मग पुढे दर वीस-पंचवीस मिनिटांनी हाच खेळ.

तीन मिस्त्री झाले. पहिल्याने कार्बुरेटर खोलून आतले सगळे सामान बदलले. दुसरा म्हणाला, "उन्हाने पेट्रोलची वाफ होते," आणि त्याने एसी पंप बदलला. गॅरेजमध्ये पेट्रोलच्या पंपाला एसी पंप म्हणतात. त्याचा थंड हवेशी काही संबंध नाही, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली. तिसऱ्याने प्लग, पॉईंट आणि कंडेन्सर नवे घातले. तिघांचे मिळून एकोणीसशे रुपये झाले. प्रत्येकाने गाडी माझ्या ताब्यात देताना ती सुरू करून दाखवली आणि प्रत्येक वेळी ती गाण्यासारखी चालली. चालणारच! त्यांच्या दारात ती थंड असे. डॉक्टर दारात आला की ताप उतरणाऱ्या रोग्यासारखी तिची तऱ्हा होती.

१९९४ सालची भाऊबीज. आम्ही तेव्हा औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला राहत होतो. तेथून गेवराई म्हणजे सोलापूर-धुळे रस्त्यावर अडीच तासांची वाट. सकाळी सातला निघालो; मी, सौ. आणि अकरा वर्षांचे चिरंजीव. आडूळ मागे पडले, पाचोडला गाडी बंद. मोसंबीच्या बागांजवळ अर्धा तास. पुढे वडीगोद्रीच्या अलीकडे पुन्हा. शहागडला गोदावरीच्या पुलावर तिसऱ्यांदा, आणि तीही अशी की मागे ट्रकांची रांग लागली. ऊसतोडीला निघालेल्या बिऱ्हाडांचे ट्रक होते ते. भांडीकुंडी, शेळ्या, पोरेबाळे सगळी वर. त्यांतल्या चौघा जवान पोरांनी उतरून आम्हाला ढकलत पुलापार नेले. सणाच्या दिवसांत घर सोडून निघालेली ती माणसे आम्हां पांढरपेशांची मोटार ढकलत होती, आणि मी आत बसून स्टिअरिंग धरले होते. मला फार ओशाळल्यासारखे झाले.

गेवराईत पोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. ताई न जेवता बसलेली. ओवाळल्याशिवाय ती घास घेत नाही. सलग दुसरे वर्ष हेच झाले होते. ओवाळून झाल्यावर पाटावरून उठता उठता मी जाहीर केले, "बस्स. आता ही ब्याद विकून टाकतो. येईल त्या भावात."

ताई काही बोलली नाही. तबक घेऊन आत गेली.

दाजी, म्हणजे तिचे यजमान, शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "आपल्या बसस्टँडजवळचे मिस्त्री एक जुनी फियाट शोधताहेत, पुतण्याला भाड्याने चालवायला. बोलावतो." संध्याकाळी मिस्त्री आले. साठीचे, पांढरी दाढी, खाकी सदरा, बोटांच्या टोकांना कायमचे काळे तेल. सारे गाव त्यांना मामू म्हणे. दाजी तेवढे 'मिस्त्री' म्हणत. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडून लावून पाहिले. मी पंधरा हजार म्हणालो. ते बारा म्हणाले. साडेतेरावर येऊन सौदा थांबला.

"एक सांगा साहेब," ते म्हणाले, "बंद पडताना ही खोकते का? आचके देत देत मरते, का दिवा फुंकल्यासारखी एकदम?"

तिघा मिस्त्र्यांपैकी एकानेही मला हा प्रश्न विचारला नव्हता. मी आठवून सांगितले, "एकदम."

"मग पेट्रोल नाही. पेट्रोल कमी पडलं तर गाडी रडत रडत थांबते." त्यांनी बॉनेटकडे पाहिले, पण उघडले नाही. "आत्ता बघून काय उपयोग? आत्ता ती बरी आहे. उद्या तिला आजारी पाडू, मग बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आजारी पाडायला आम्ही राक्षसभुवनला निघालो. गेवराई तालुक्यातले हे गोदाकाठचे गाव शनीच्या देवळासाठी प्रसिद्ध. ताई म्हणाली, गाडी फुकट फिरवण्यापेक्षा दर्शन तरी होईल. सौ. आणि दाजी घरी राहिले. मिस्त्री स्वतः चालवायला बसले, शेजारी मी, मागे ताई, चिरंजीव आणि पाण्याची कळशी. रस्त्याला कापसाच्या गाड्यांची वर्दळ होती. जाताना गाडी एकदाही थांबली नाही. दर्शन झाले. घाटावर उभे राहून मी चिरंजीवांना १० ऑगस्ट १७६३ ची लढाई सांगितली: निजामाचे अर्धे सैन्य पुरातून पैलतीरी गेलेले, अर्धे अलीकडे अडकलेले, आणि नेमक्या त्या घडीला माधवराव पेशव्यांनी अलीकडच्या अर्ध्यावर घातलेली झडप. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर त्यात पडला. चिरंजीवांनी विचारले, "आणि रेडिओ का नाही लावला येताना?" आजकालच्या मुलांचे इतिहासाकडे लक्ष नसते, हे तेव्हाही खरे होते.

परतीच्या वाटेवर, एका बाभळीपाशी, गाडी गेली. फुंकल्यासारखी.

मिस्त्रींचा चेहरा इतका खुलला की मला त्यांचा राग आला. ते म्हणाले, "आता सापडली! कुणी घाई करू नका." त्यांनी किल्ली बंद केली, बॉनेट उघडले आणि कॉईलला उलट्या हाताने किंचित स्पर्श करून झटकन हात मागे घेतला.

कॉईल कशी दिसते ते सांगतो. लहान मुलाच्या पाणी पिण्याच्या थर्मासएवढा पत्र्याचा डबा, डोक्याशी काळे झाकण, झाकणाच्या मधोमध एक जाड तार खोचलेली आणि बाजूला दोन बारीक तारा. आत लोखंडी पट्ट्यांचा गाभा. त्यावर बारीक तारेचे हजारो वेढे, वीस हजारांच्या घरात, आणि जाड तारेचे फक्त काहीशे. सगळे तेलात बुडवलेले. बॅटरीचे १२ व्होल्ट जाड तारेतून वाहतात आणि गाभ्यात चुंबकत्व भरते. मग डेल्कोमधले पॉईंट उघडतात, प्रवाह एकदम तुटतो, चुंबकत्व कोसळते आणि त्या क्षणी बारीक तारेत पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब उठतो. तोच प्लगच्या टोकाशी ठिणगी होऊन उडतो. चार सिलिंडरची गाडी मिनिटाला तीन हजार फेऱ्या करीत असली, तर हा प्रकार एका सेकंदात शंभर वेळा घडतो! तत्त्व फॅरेडेने १८३१ मध्ये सापडवलेले. १८३६ मध्ये आयर्लंडमधल्या मेनूथ येथे निकोलस कॅलन नावाच्या पाद्र्याने अशी जाड-बारीक तारांची कॉईल गुंडाळली. मोटारीत बॅटरी, कॉईल आणि पॉईंट यांची ही जोडणी बसवली ती अमेरिकेतल्या केटरिंगने, १९१० च्या कॅडिलॅक गाडीत. त्याच्या कंपनीचे लांबलचक नाव होते 'डेटन इंजिनीअरिंग लॅबोरेटरीज कंपनी'. आद्याक्षरे जोडून झाले डेल्को. आपल्याकडे ठिणगी वाटून देणाऱ्या त्या डबीला शास्त्रोक्त नाव डिस्ट्रिब्यूटर असले, तरी गेवराईपासून मुंबईपर्यंत सारे मिस्त्री तिला डेल्कोच म्हणतात. अमेरिकेतली ती आद्याक्षरे गेवराईच्या बसस्टँडवर कशी रुळली, याचे मला अजून नवल वाटते.

असो. मिस्त्रींनी कोरडे फडके हाताला गुंडाळून कॉईलची जाड तार डेल्कोच्या टोपणातून उपटली आणि तिचे टोक इंजिनाच्या लोखंडापासून पाव इंचावर धरले. "सेल्फ मारा."

मी मारला. तारेच्या टोकाशी तांबूस, केसासारखी एक ठिणगी दिसली. दुसरी आलीच नाही. तिसरी पुन्हा मरतुकडी.

"बघा. ठिणगी निळी पाहिजे आणि चट् असा आवाज पाहिजे. अशा लाल धाग्याने पेट्रोल पेटतं का?"

मी अनुभवी रोग्याच्या थाटात म्हणालो, "पॉईंट असतील, नाहीतर कंडेन्सर."

"असतील की. म्हणून तर घाई नको." त्यांनी खिशातून एक छोटा बल्ब काढला, दोन तारा डकवलेला. एक तार कॉईलच्या डेल्कोकडच्या टोकाला, दुसरी इंजिनाला. पुन्हा सेल्फ. बल्ब नियमित उघडझाप करू लागला. म्हणजे कॉईलपर्यंत वीज येत होती, आणि पॉईंट ती तोडत-जोडत होते. राहिले दोन संशयित, कॉईल आणि कंडेन्सर. दोघेही तापल्यावर दगा देणारे, आणि दोघांच्याही दग्याने ठिणगी अशीच बारीक होते.

"कंडेन्सर नवा आहे म्हणता. पण नवा म्हणजे चांगलाच असं काही नसतं. चिंधी आहे का?"

ताईने पिशवीतून फडके काढले, कळशीत बुडवून पिळले आणि त्यांच्या हाती दिले. मिस्त्रींनी ते फक्त कॉईलच्या डब्याभोवती गुंडाळले, वर झाकणाला पाणी लागू न देता. डेल्कोजवळच्या कंडेन्सरला हातही लावला नाही. फडक्यातून वाफ निघाली. ते वाळत आले की ताई पुन्हा भिजवून देई. अशी चार-पाच मिनिटे गेली. आम्ही तिघे त्या डब्याकडे पाहत उभे होतो.

फडके पिळता पिळता, माझ्याकडे न पाहता, ताई म्हणाली, "बाबांची गाडी विकायची ठरवलीस. मला विचारावंसं नाही वाटलं?"

मी म्हणालो, "तू कुठे चालवतेस?"

"ओवाळायला बसते तेव्हा पहिलं लक्ष रस्त्याकडे असतं माझं, तिचा आवाज येतो का म्हणून."

मिस्त्रींनी हे ऐकले नसेल असे नाही; पण ते त्या वेळी खाली वाकून काहीतरी शोधत होते.

"मारा सेल्फ."

चट्! चट्! चट्! निळी, जाड ठिणगी पाव इंच ओलांडून लोखंडावर आपटू लागली. बाकी काही बदलले नव्हते. पेट्रोल तेच, पॉईंट तेच, कंडेन्सर तोच आणि तेवढाच गरम. थंड झाली होती ती एकटी कॉईल. तार टोपणात खोचली आणि गाडी सुरू झाली.

आतल्या बारीक तारेवर वार्निशाचा पातळ लेप असतो. तोच एका वेढ्याची वीज दुसऱ्या वेढ्यात जाऊ देत नाही. हा लेप करपला, तडकला, की गाडी तापल्यावर तार फुगते, वीज मधल्या मधे गळते आणि प्लगपर्यंत काही पोचत नाही. निवली की सगळे पूर्ववत. म्हणून थंड कॉईल मीटरवर तपासली तर ती साळसूद दिसते. आम्ही दुसऱ्या दिवशी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मुद्दाम पाहिले: जाड वेढ्यांचा रोध तीन ओहम, बारीक वेढ्यांचा आठ हजारांच्या आसपास. अगदी पुस्तकात असावा तसा!

पण ती करपली कशाने? हे मिस्त्रींनी परतीच्या वाटेवर काढले. त्यांनी सहज विचारले, "साहेब, गाडी उभी असताना रेडिओ कोण ऐकतं?"

गाडीत शांतता पसरली. चिरंजीव खिडकीबाहेर पाहू लागले. खरे सांगायचे तर एकटे चिरंजीव नव्हते. क्रिकेटचे धावते समालोचन ऐकायला रविवारी आम्ही दोघेही दारातल्या गाडीत तासन् तास बसत असू, कारण घरात सौ. ते ऐकू देत नसे. रेडिओ बसवणाऱ्याने तो किल्लीच्याच तारेवर जोडलेला. किल्ली फिरवल्याशिवाय वाजत नसे. आणि किल्ली फिरवली की कॉईललाही वीज सुरू. इंजिन चालू असताना पॉईंट सारखे उघडतात, कॉईलला दर वेळी जरा उसंत मिळते. इंजिन बंद असताना पॉईंट बहुधा मिटलेलेच राहतात आणि वीज अखंड वाहते. १२ व्होल्ट, तीन ओहम, म्हणजे चार अँपिअर. जवळपास पन्नास वॅटचा दिवा त्या बंद डब्यात तासन् तास पेटवून ठेवण्यासारखे. बाबांनी तेवीस वर्षे सांभाळलेली कॉईल आम्ही दोन वर्षांत समालोचनाच्या आचेवर भाजून काढली होती, आणि दोष देत होतो कधी पंपाला, कधी उन्हाला, कधी गाडीच्या वयाला.

पुतण्याने बीडहून नवी कॉईल आणली, पावणेतीनशे रुपयांना. मिस्त्रींनी ती बसवताना तारांकडे दोनदा पाहिले: 'एसडब्ल्यू' लिहिलेल्या टोकाला किल्लीकडची तार, 'सीबी' लिहिलेल्या टोकाला डेल्कोकडची. उलटी जोडली तरी गाडी चालते, पण ठिणगी कमजोर होते. रेडिओची तार तोडून त्यांनी ती फ्यूज घालून थेट बॅटरीवर, वेगळ्या बटणावर नेली. मजुरी मागितली चाळीस रुपये.

दाजी जुने मास्तर, त्यांना राहवेना. "मिस्त्री, काल गप्प बसला असता तर साडेतेरा हजारांत गाडी तुमची होती. चिंधी उद्या गुंडाळली असती!"

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "आणि परवा पुतण्या तीच गाडी तुमच्या दारावरून पळवताना तुम्ही बघितलीच असती ना, गुरुजी? गेवराई केवढीशी आहे!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता चालू गाडीचा भाव बोला साहेब. अठरा देतो."

मी ताईकडे पाहिले. ती म्हणाली, "मिस्त्री, चहा घ्या." सौदा तिथेच मोडला.

ज्यांच्याकडे आजच्या गाड्या आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. तारेची ठिणगी लोखंडावर उडवण्याचा प्रयोग नव्या गाडीवर मुळीच करू नये. तिच्यातला इलेक्ट्रॉनिक मेंदू त्याने दगावू शकतो, आणि विजेचा दाबही आमच्या कॉईलपेक्षा जास्त असतो. बऱ्याच नव्या गाड्यांत डेल्को, पॉईंट, कंडेन्सर काहीच उरलेले नाही. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र छोटी कॉईल बसते. बिघाड झाला की समोर पिवळा दिवा लागतो आणि गॅरेजचे यंत्र सांगते, 'तिसऱ्या सिलिंडरमध्ये पेट होत नाही.' पण का होत नाही, हे ते यंत्र त्यावरून सांगत नाही. कॉईल असेल, प्लग असेल, पेट्रोलची पिचकारी असेल. अशा वेळी चांगला मिस्त्री तिसरीची कॉईल दुसरीवर आणि दुसरीची तिसरीवर बसवतो. तक्रार कॉईलबरोबर दुसऱ्या सिलिंडरकडे गेली तर गुन्हेगार सापडला. जागेवरच राहिली तर कॉईल निर्दोष. हे न करता तुमचा मिस्त्री चारही कॉईली बदलायला निघाला, तर त्याला जरा थांबवा. मला एकोणीसशे रुपयांत हे शिक्षण मिळाले. आज चार कॉईलींना त्याच्या कितीतरी पट पडतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेवराईहून निघालो. ताईने चकल्यांच्या डब्यावर ते फडके धुऊन, घडी करून ठेवले होते, असू दे म्हणून. शहागडचा पूल आला आणि गेला. वडीगोद्री गेली. पाचोड जवळ आले तशी सौ.ने नेहमीच्या झाडाकडे पाहून पर्स सावरली, उतरायची तयारी म्हणून. पण गाडी झाडावरून पुढे निघून गेली. तेवढ्यात मागून चिरंजीवांचा हात रेडिओच्या बटणाकडे आला.

"खबरदार!" मी आणि सौ. एकदम ओरडलो.

"पण गाडी चालू आहे ना बाबा," चिरंजीव म्हणाले, "आणि तार तर मामूंनी वेगळी केलीय."